विजेवरच्या छोट्या मालट्रकला नवे टायर घेताना: भार, माप आणि रिम यांची निवड

विजेवर धावणाऱ्या छोट्या मालट्रकांची पहिली फळी आता टायर बदलण्याच्या टप्प्यावर आली आहे. टाटा मोटर्सने एस ईव्ही मे २०२२ मध्ये जाहीर केली आणि जानेवारी २०२३ पासून ती गिऱ्हाइकांच्या हाती पडू लागली. महिंद्राची झिओ ऑक्टोबर २०२४ मध्ये आली. भिवंडीच्या गोदामांतून मुंबईत, मार्केट यार्डातून पुण्याच्या उपनगरांत आणि एमआयडीसीतून गावातल्या दुकानांपर्यंत माल पोहोचवणाऱ्या या गाड्या दिवसभर थांबत-सुटत चालतात, त्यामुळे त्यांचे टायर घरच्या मोटारीच्या टायरांपेक्षा कितीतरी आधी संपतात. मग गाडी नेहमीच्या टायरवाल्याकडे जाते, डिझेलवरच्या छोट्या हत्तीला (टाटा एसला) तो जे टायर घालतो तेच हिलाही घालून देतो, आणि पुढच्या आठवड्यापासून मालकाला वाटू लागते की बॅटरी उतरली. बॅटरी बहुधा ठणठणीत असते. फरक पडलेला असतो तो टायरमुळे.

टायर निवडताना प्रश्नांचा क्रम महत्त्वाचा आहे. पहिला प्रश्न भाराचा: हा टायर माझ्या गाडीच्या धुरीवरचे (अ‍ॅक्सलवरचे) वजन पेलेल का? दुसरा मापाचा: चाकाची एकूण उंची मूळ चाकाइतकीच राहील का? तिसरा विजेचा: हा टायर फिरवायला किती वीज लागेल? नक्षी, कंपनी, किंमत आणि दिसणे हे सारे त्यानंतर. दुकानात मात्र हा क्रम बहुतेक वेळा उलटा होतो. किंमत आणि जाड नक्षी यांवर सौदा ठरतो आणि भाराचा आकडा कोणी वाचतही नाही.

डिझेलच्या गाडीला जे चालते ते विजेच्या गाडीला तसेच का चालत नाही, हे आधी समजून घ्यावे. एस ईव्हीची मोटर १३० न्यूटन मीटर टॉर्क, म्हणजे चाक फिरवण्याचा जोर, देते. तो डिझेलवरच्या छोट्या हत्तीच्या टॉर्कच्या दुपटीहून अधिक आहे, आणि तो इंजिनाचा वेग चढण्याची वाट न पाहता पहिल्या क्षणापासून चाकावर येतो. शिवाय पाय उचलताच मोटर उलट काम करू लागते आणि गाडीचा वेग कमी करताना बॅटरीत थोडी वीज परत भरते. मागच्या चाकांवर चालणाऱ्या गाडीत ही ओढ आणि ही अडवणूक दोन्ही मागच्याच दोन टायरांना सोसावी लागतात. म्हणून या गाड्यांचे मागचे टायर पुढच्यांपेक्षा लवकर झिजतात, आणि पावसाळ्यात रिकामी गाडी असताना मागच्या टायरची पकड कमी पडली, तर ब्रेक न दाबताही केवळ पाय उचलल्याने मागचा भाग सरकण्याची शक्यता राहते. याच्या जोडीला बॅटरीचे वजन असते, आणि ते गाडी रिकामी असतानाही टायरांवर असतेच.

भाराचा हिशोब

गाडीच्या चालकाच्या बाजूचे दार उघडावे. दाराच्या चौकटीवर किंवा खांबावर कंपनीने चिकटवलेली पट्टी असते, नसल्यास वाहनासोबत मिळालेल्या पुस्तिकेत तक्ता असतो. त्यावर टायरचे माप आणि पुढच्या-मागच्या चाकांत किती हवा भरायची हे दिलेले असते. त्याचा मोबाइलवर फोटो काढून ठेवावा. जुन्या टायरवरचे माप पाहून नवा टायर घेऊ नये, कारण गाडी जुनी घेतलेली असेल किंवा मधल्या काळात एखादा टायर बदललेला असेल, तर आधीच्या माणसाची चूक आपण पुढे चालवतो.

आता टायरच्या भिंतीवरची अक्षरे वाचू. या वर्गातल्या गाड्यांमध्ये नेहमी दिसणारे एक माप घेऊ: १५५ आर १३ एलटी, ८ पीआर, ९०/८८. यातले १५५ म्हणजे टायरची मिलिमीटरमधली रुंदी, आर म्हणजे रेडियल, १३ म्हणजे रिमचा इंचांतला व्यास, आणि एलटी म्हणजे हलक्या मालवाहू गाडीसाठी बांधलेला टायर. ८ पीआर (प्लाय रेटिंग) ही बांधणीच्या ताकदीची श्रेणी आहे. आत आठ थर आहेत असा तिचा अर्थ नाही. खरा महत्त्वाचा आकडा शेवटचा. ९०/८८ हा भारांक आहे. धुरीच्या प्रत्येक बाजूला एकच टायर असेल तर ९० लागू होतो, म्हणजे एका टायरने ६०० किलोपर्यंत पेलावे. जोडटायर असतील तर ८८, म्हणजे ५६० किलो. या वर्गात उपयोगी पडणारे आणखी काही भारांक लक्षात ठेवावेत: ८६ म्हणजे ५३०, ९४ म्हणजे ६७०, ९७ म्हणजे ७३० आणि १०२ म्हणजे ८५० किलो.

आपल्या गाडीला किती भारांक हवा, हे शोधायला एक सोपा आणि खात्रीचा उपाय आहे. रोजचा माल भरून गाडी वजनकाट्यावर न्यावी. आधी पूर्ण गाडीचे वजन घ्यावे, मग पुढची चाके काट्याच्या बाहेर ठेवून फक्त मागच्या चाकांचे घ्यावे. समजा मागच्या धुरीवर १,१०० किलो आले, तर प्रत्येक मागच्या टायरवर सरासरी ५५० किलो आहेत. माल एका बाजूला जास्त असेल, रस्ता उतरता असेल, खड्ड्यात चाक आदळले तर तो भार क्षणभर आणखी वाढतो. ८६ भारांकाचा टायर इथे अपुराच, ८८ चा काठावर आणि ९० चा योग्य. माल किती झटकन जमतो याचा अंदाज पुष्कळांना नसतो. वीस लिटरचे तीस जार हौद्यात चढवले की केवळ पाण्याचेच ६०० किलो होतात, जारचे आणि हमालाचे वजन वेगळे. फरशी, सिमेंट, तेलाचे डबे किंवा कांद्याच्या गोण्या वाहणाऱ्याने तर अंदाजावर कधीच जाऊ नये. आणि भार कितीही पेलणारा टायर घेतला तरी आरसी बुकात नोंदलेले एकूण वजन वाढत नाही. चेसिस, ब्रेक आणि धुरी तेच असतात.

आता सर्वांत घातक गल्लत. मोटारींमध्ये १५५/८० आर १३ हे माप सर्रास येते. ते १५५ आर १३ एलटीच्याच रिमवर बसते, उंचीही जवळपास तेवढीच भरते, आणि दिसायला दोन्ही टायर सारखे. मात्र मोटारीच्या त्या टायरवर साधारणपणे ७९ हा भारांक असतो, म्हणजे ४३७ किलो. वरच्या उदाहरणातल्या मागच्या चाकावर तो बसवला, तर प्रत्येक टायरवर शंभर किलोहून अधिक जादा भार पडेल. हा टायर स्वस्त असतो, मऊ चालतो, सहज मिळतो, त्यामुळे दुकानदार सद्भावनेनेही तो पुढे करू शकतो. पहिले काही आठवडे काहीच बिघडत नाही. मग उन्हाळ्यात, भरल्या गाडीत, लांबच्या फेरीत त्याची भिंत तापते, आतले थर सुटू लागतात आणि टायर फुटतो. म्हणून टायर हातात आल्यावर माप वाचून थांबू नये. एलटी ही अक्षरे आणि भारांक बोट ठेवून वाचावा. भारांक मूळ टायरइतका किंवा त्याहून जास्त चालतो, कमी कधीही चालत नाही.

भारांकाशेजारी इंग्रजी अक्षराने वेगाची मर्यादा दिलेली असते. एन म्हणजे ताशी १४० किलोमीटर, क्यू म्हणजे १६०. या गाड्या तेवढ्या वेगाने धावतच नाहीत, त्यामुळे मूळ टायरवरच्या अक्षराहून खालचे अक्षर नाही ना, एवढे पाहिले की पुरे.

रिम आणि चाकाची उंची

मोठी रिम घातली की गाडी रुबाबदार दिसते, हे खरे आहे. पण मालट्रकच्या बाबतीत माझे मत स्पष्ट आहे: कंपनीने दिलेल्या रिमचे माप बदलू नये. त्यामागची कारणे समजून घेतली तर हा सल्ला कोणी टाळणार नाही, असे मला वाटते.

१५५ आर १३ टायरची एकूण उंची सुमारे ५७८ मिलिमीटर असते. त्याऐवजी १६५ आर १४ घातला, तर उंची सुमारे ६२२ मिलिमीटर होते, म्हणजे साडेसात टक्क्यांची वाढ. चाकाच्या एका फेऱ्यात गाडी तेवढी जास्त पुढे जाते, पण स्पीडोमीटरला हे कळत नाही. काटा ६० दाखवतो तेव्हा गाडी ६४-६५ ने पळत असते, आणि मीटरवर १०० किलोमीटर पडतात तेव्हा प्रत्यक्षात १०७ हून अधिक झालेले असतात. मालकाला वाटते की रेंज, म्हणजे एका चार्जमध्ये कापले जाणारे अंतर, घटली, आणि त्यातला काही भाग नुसता मीटरचा असतो. दुसरा परिणाम खरा आणि महाग आहे. चाकाची त्रिज्या वाढली की तेवढ्याच टॉर्कमधून जमिनीवर मिळणारी ओढ कमी होते. कसारा किंवा खंबाटकी घाटात भरलेली गाडी चढवताना मोटरला तीच चढण पार करायला जास्त करंट ओढावा लागतो, मोटर आणि तिचा कंट्रोलर तापतात, आणि तापमान वाढले की गाडी आपणहून ताकद कमी करते. शिवाय पूर्ण स्टिअरिंग वळवल्यावर किंवा भरल्या गाडीने खड्डा घेतल्यावर मोठा टायर मडगार्डच्या आतल्या बाजूला घासतो.

उलट, लहान चाक घालणेही तितकेच वाईट. १४५ आर १२ हा टायर डिझेलवरच्या छोट्या हत्तीमुळे सगळीकडे मिळतो आणि त्याची उंची सुमारे ५४२ मिलिमीटर असते. जुनी चाके घरात पडलेली आहेत म्हणून ती तेरा इंची चाकांच्या गाडीला लावण्याचा मोह होऊ शकतो. अशाने गाडी जवळपास १८ मिलिमीटर खाली येते, आणि विजेच्या गाडीत चेसिसखाली बॅटरीची पेटी असते. गतिरोधकावर किंवा खडीच्या रस्त्यावर जो दगड पूर्वी खालून निघून जात होता तो आता या पेटीच्या कवचाला लागू शकतो. भारांक ८६ म्हणजे भारातही घट झाली, ती वेगळीच.

अलॉय रिम विकणारे आणखी एक तोड सुचवतात: रिम चौदा इंची घ्या आणि टायर बुटका घ्या, म्हणजे उंची तेवढीच राहते. १७५/६५ आर १४ ची उंची सुमारे ५८३ मिलिमीटर भरते, म्हणजे ५७८ च्या अगदी जवळ. स्पीडोमीटरच्या दृष्टीने हा मेळ उत्तम आहे. परंतु या मापाच्या मोटारीच्या टायरवर साधारणतः ८२ भारांक असतो, म्हणजे ४७५ किलो. उंची जुळली तरी भार हुकला, आणि मालट्रकसाठी भार हीच पहिली अट आहे. बुटक्या टायरची भिंत आखूड असल्याने खड्ड्यातला मार थेट रिमवर बसतो, हेही ध्यानात घ्यावे.

कायद्याची बाजूही थोडक्यात सांगतो. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ नुसार, कंपनीने मूळ ठरवलेल्या तपशिलाशी आरसी बुकातील नोंद विसंगत होईल असा बदल वाहनात करता येत नाही. मालवाहू गाडीच्या नोंदणी अर्जात टायरची संख्या, वर्णन, माप आणि प्लाय रेटिंग यांसाठी स्वतंत्र रकाना असतो. त्यामुळे माप बदललेल्या गाडीचे पासिंग करताना प्रश्न उभा राहतो आणि अपघातानंतरच्या विम्याच्या दाव्यात तर तो हमखास विचारला जातो.

रिम वाकली किंवा चिरली म्हणून बदलायची असेल, तर चार गोष्टी जुळवाव्यात: व्यास आणि रुंदी, नटांच्या भोकांची संख्या व त्यांच्या वर्तुळाचा व्यास म्हणजे पीसीडी, मधल्या भोकाचा व्यास, आणि ऑफसेट, म्हणजे रिमची बसण्याची पाठ तिच्या मध्यरेषेपासून किती आत किंवा बाहेर आहे ते अंतर. ऑफसेट चुकला तर चाक बसते, नटही आवळले जातात, आणि तरीही बेअरिंगवर वाकडा भार पडत राहतो. ही चूक डोळ्यांना दिसत नाही म्हणून ती जास्त धोक्याची. रिमवर तिचा स्वतःचा कमाल भार कोरलेला असेल, तर तोही वाचावा. ट्यूबलेस टायरला ट्यूबलेससाठीच घडवलेली रिम लागते, कारण टायरची कड जागेवर धरून ठेवणारा उंचवटा तिच्यात असतो. मालाच्या गाडीला मी साधी पोलादी रिमच सुचवीन. ती थोडी वाकली तर लगेच ध्यानात येते आणि गावोगावी मिळते.

विजेचा हिशोब

टायर फिरताना जमिनीला टेकणारा भाग दर फेऱ्यात दबतो आणि पुन्हा मोकळा होतो. या दबण्या-सुटण्यात रबर तापते आणि वीज वाया जाते. यालाच रोलिंग रेझिस्टन्स म्हणतात. डिझेलच्या इंजिनात इंधनातल्या ऊर्जेचा मोठा भाग उष्णता म्हणून आधीच गेलेला असतो, त्यामुळे टायरचे हे नुकसान त्यात झाकले जाते. विजेच्या गाडीत बॅटरीतली बहुतेक ऊर्जा चाकापर्यंत पोहोचते आणि म्हणून टायरचा फरक रेंजच्या आकड्यात लख्ख दिसतो.

हा फरक किती, ते आकड्यांत पाहू. मालासह गाडीचे वजन १,८०० किलो धरू. रोलिंग रेझिस्टन्सचा गुणांक ०.०१० असलेला टायर असेल, तर केवळ टायर फिरवायला दर किलोमीटरला सुमारे ४९ वॅट-तास लागतात, गुणांक ०.००८ असेल तर सुमारे ३९. मोटर आणि गिअरमधली घट धरून बॅटरीतून दर किलोमीटरला साधारण ११ वॅट-तास वाचतात. एस ईव्हीची बॅटरी २१.३ किलोवॅट-तासांची आहे. गाडी एरवी दर किलोमीटरला १७० वॅट-तास खात असेल तर त्या बॅटरीवर सुमारे १२५ किलोमीटर होतात, आणि चांगल्या टायरवर सुमारे १३४. शहरातल्या वाटपाच्या धंद्यात हे आठ-नऊ किलोमीटर म्हणजे चार्जिंगला न थांबता होणारी आणखी एक छोटी फेरी. पैशांतही पाहता येईल. टायर ४०,००० किलोमीटर चालले असे धरले तर या फरकाने सुमारे ४४० युनिट वाचतात. युनिटला १० रुपये पडत असतील तर ते ४,४०० रुपये झाले. म्हणजे चार टायरांच्या संचासाठी दोन-अडीच हजार रुपये जास्त मोजावे लागले, तरी तो महाग सौदा नव्हे. स्वतःच्या गाडीचे वजन, वीजदर आणि खप घालून हाच हिशोब दुकानात जाण्यापूर्वी करून पाहावा.

रिम आणि नक्षी यांचा रेंजवर काय परिणाम होतो, याचे स्वच्छ पुरावे अमेरिकेतल्या विजेच्या पिकअप ट्रकांनी दिले आहेत, कारण तिथे वेगवेगळ्या चाकांसह रेंजचे अधिकृत आकडे प्रसिद्ध होतात. फोर्डच्या २०२२ च्या एफ-१५० लाइटनिंगमध्ये मोठ्या बॅटरीच्या एक्सएलटी आणि लॅरिअट या प्रकारांना ३२० मैल रेंज दिली गेली, तर बावीस इंची चाकांच्या आणि अधिक जड प्लॅटिनमला ३०० मैल. रिव्हियनच्या २०२३ च्या आर१टी या ट्रकचे आकडे आणखी बोलके आहेत: एकवीस इंची चाकांवर ३२८ मैल, बावीस इंचीवर ३०३, आणि वीस इंचीवर अवघे २८९. सर्वांत लहान रिमची रेंज सर्वांत कमी कशी? कारण त्या वीस इंची रिमवर खडबडीत रस्त्यांसाठीचा, जाड ठोकळ्यांच्या नक्षीचा टायर होता. रिमइतकाच, किंबहुना तिच्याहून जास्त फरक नक्षीने आणि रबराच्या मिश्रणाने पडू शकतो, हे यातून दिसते. आपल्याकडच्या गाड्या त्यांच्या तुलनेत फार हलक्या आहेत, पण नियम तोच लागू होतो.

दुकानात रोलिंग रेझिस्टन्स कसा ओळखावा? २०२२ मध्ये केंद्र सरकारने एआयएस-१४२ या मानकानुसार टायरच्या रोलिंग रेझिस्टन्ससाठी, ओल्या रस्त्यावरच्या पकडीसाठी आणि आवाजासाठी निकष घालून दिले; त्यात मोटारींचे टायर सी-१, हलक्या मालवाहू गाड्यांचे सी-२ आणि जड गाड्यांचे सी-३ अशा गटांत येतात. ब्युरो ऑफ एनर्जी एफिशियन्सी टायरांनाही तारांकन देते. आपल्या मापात तारांकित टायर मिळत असेल तर त्याला पसंती द्यावी. केवळ भिंतीवर ईव्ही असे छापले आहे म्हणून टायर चांगला ठरत नाही. भारांक, गट आणि तारे यांची माहिती मागावी. तसेच आयएसआयची खूण आणि मालवाहू टायरसाठीचा आयएस १५६३६ हा क्रमांक पाहावा. निर्मितीची तारीख भिंतीवरच चार आकड्यांत असते. २३२५ असेल तर तो टायर २०२५ च्या तेविसाव्या आठवड्यात बनला. वर्षभराहून जुना साठा मी घेणार नाही, विशेषतः दुकानाबाहेर उन्हात रचून ठेवलेला.

नक्षी आणि पावसाळा

उभ्या सलग खोबणींची नक्षी सर्वांत हलकी फिरते आणि डांबरी किंवा सिमेंटच्या रस्त्यावर पुरेशी पकड देते. आडव्या जाड ठोकळ्यांची नक्षी चिखलात ओढते, पण वीज खाते आणि मागच्या चाकांवर आपल्या गाड्यांच्या ओढीने करवतीच्या दात्यांसारखी तिरपी झिजते. ज्याची गाडी शहरातच फिरते त्याने पुढे-मागे उभ्या खोबणींचेच टायर घ्यावेत. ज्याला जुन्नर किंवा निफाडच्या बांधावरून, पावसात काळ्या मातीतून भाजी उचलावी लागते, त्याने मागे मिश्र नक्षीचे टायर घेऊन रेंजमधली घट जाणूनबुजून स्वीकारावी. शेतात रुतलेली भरली गाडी ट्रॅक्टरने काढण्यापेक्षा ते परवडते. कोकणात आणि घाटमाथ्यावर चालणाऱ्या गाडीसाठी ओल्या रस्त्यावरची पकड हा निकष रोलिंग रेझिस्टन्सच्याही वर ठेवावा.

केंद्रीय मोटार वाहन नियमांप्रमाणे या गाड्यांच्या टायरची खोबण १.६ मिलिमीटरहून कमी असता कामा नये. खोबणीच्या तळाशी छोटे उंचवटे असतात. नक्षी झिजून त्यांच्या पातळीला आली की टायर संपला. ही कायद्याची शेवटची मर्यादा झाली. पावसाळा तोंडावर असेल तर ३ मिलिमीटर उरल्यावरच टायर बदलावेत, असे माझे आग्रहाचे सांगणे आहे, कारण उथळ खोबणींना पाणी बाहेर फेकता येत नाही आणि मोटरच्या अडवणुकीमुळे मागचे चाक पाण्यावर लवकर घसरते. रिमोल्ड केलेले, म्हणजे जुन्यावर नवे रबर चढवलेले, टायर या मापात मुळीच घेऊ नयेत. त्यात वाचणारे पैसे थोडे असतात आणि वाढणारी उष्णता जास्त.

एका धुरीवर दोन्ही टायर एकाच कंपनीचे, एकाच नक्षीचे आणि सारख्या झिजेचे असावेत. दोनच बदलायचे असतील तर नवे मागे घालावेत आणि मागचे बरे असलेले पुढे आणावेत. ओढ आणि अडवणूक मागेच असल्याने पकडीची गरजही तिथेच अधिक. पुढे दर आठ-दहा हजार किलोमीटरला पुढचे-मागचे टायर आलटून-पालटून लावले, तर चारही साधारण एकाच वेळी संपतात. स्टेपनी असल्यास तीही त्याच मापाची आणि भारांकाची हवी. जुलै २०२० पासून साडेतीन टनांपर्यंतच्या गाड्यांना, टायर दुरुस्तीचा संच आणि हवेचा दाब दाखवणारी यंत्रणा दिली असेल तर, स्टेपनीविना विकण्याची मुभा आहे. आपल्या गाडीत काय दिले आहे ते घेतानाच पाहून ठेवावे.

टायर बसवताना आणि नंतर

टायरच्या दुकानात गाडी लावली की काम करणारा मुलगा सवयीने जॅक सरकवतो आणि मधोमध जिथे सपाट पत्रा दिसेल तिथे टेकवतो. डिझेलच्या गाडीत तिथे बहुधा चेसिसचा दांडा किंवा मोकळी जागा असते. विजेच्या गाडीत तो सपाट पत्रा बॅटरीच्या पेटीचा तळ असू शकतो, आणि गाडीचे वजन त्यावर आले तर तो दबतो. म्हणून गाडी बंद करून, हँडब्रेक ओढून, चावी खिशात घालून मालकाने किंवा चालकाने स्वतः खाली वाकून जॅक कुठे टेकवायचा ते दाखवावे. या जागा पुस्तिकेत आकृतीसह दिलेल्या असतात. नारिंगी वेष्टणाच्या तारा उच्च दाबाच्या विजेच्या असतात. त्यांच्या जवळपास पाना किंवा टॉमी लागू देऊ नये.

ट्यूबलेस टायरसोबत रबरी वॉल्व्हही नवा घालावा. चारही चाकांचे बॅलन्सिंग आणि पुढच्या चाकांचे अलाइनमेंट त्याच दिवशी करून घ्यावे, कारण चाके किंचित तिरकी असली तर टायर सतत घासत चालतो आणि रेंज व नक्षी दोन्ही एकदमच झिजतात. नट समोरासमोरचे धरून टप्प्याटप्प्याने आवळावेत आणि शेवटचा आवळ पुस्तिकेतल्या टॉर्कप्रमाणे टॉर्कच्या पान्याने द्यावा. हवेच्या बंदुकीने सरसकट ठोकलेले नट एकतर आटे खातात किंवा रस्त्यात चाक बदलताना निघत नाहीत. पन्नास ते शंभर किलोमीटरनंतर ते पुन्हा एकदा तपासावेत. बिलावर टायरचे माप, भारांक आणि क्रमांक लिहून घ्यावा. वॉरंटीच्या वेळी त्याचाच आधार लागतो.

हवेची शिस्त ही या साऱ्याची जोड आहे. भारांकात सांगितलेला भार टायर पूर्ण हवेवरच पेलतो. हवा कमी म्हणजे भारही कमी आणि वीज जास्त. हवा सकाळी, गाडी फिरण्याआधी, टायर थंड असताना तपासावी, आणि पट्टीवर भरल्या गाडीसाठी जो आकडा असेल तो ठेवावा. अकोला-चंद्रपूरच्या उन्हात, विशेषतः समृद्धीसारख्या तापलेल्या काँक्रीटवर, दुपारी दाब वाढलेला दिसला तरी तापलेल्या टायरमधून हवा काढू नये. टायर गार झाल्यावर तोच दाब कमी पडतो आणि दुसऱ्या दिवशी टायर अधिक तापतो. नायट्रोजनसाठी वेगळे पैसे मोजण्याची गरज नाही, आठवड्यातून एकदा साधी हवा नेमाने पाहिली तरी पुरते.

नवे टायर घातल्यावर पहिल्या काही दिवसांत रेंज थोडी कमी दिसली तर घाबरून जाऊ नये. जुन्या, झिजलेल्या टायरमध्ये दबायला रबरच थोडे उरलेले असते, म्हणून तो हलका फिरतो. नव्या टायरची पूर्ण नक्षी जास्त दबते आणि तेवढी जास्त वीज घेते. अगदी त्याच कंपनीचा तोच टायर घातला तरी हा फरक दिसतो. त्याशिवाय नव्या टायरचा घेर जुन्या झिजलेल्या टायरपेक्षा किंचित मोठा असल्याने मीटरवर किलोमीटरही थोडे कमी पडतात. तुलना करायचीच असेल तर टायर बदलण्यापूर्वी एका ठरलेल्या फेरीत, ठरलेल्या मालाला बॅटरी किती टक्के खर्च होते ते लिहून ठेवावे, आणि नवे टायर हजार-दीड हजार किलोमीटर चालल्यावर तोच रस्ता, तेवढाच माल आणि तीच हवा ठेवून पुन्हा पाहावे. तरीही घट मोठी दिसली, तर आधी अलाइनमेंट, मग ब्रेक घासतो का, आणि मग टायरचा भारांक व गट पुन्हा वाचावा. बॅटरीची तपासणी त्यानंतर करावी.